पहिल्या हाकेला

श्री

पुणे, मंगळवार, १८ जानेवारी १९५५

ती. सौ. ताईस,
बापूचा सा. न. वि. वि.

तुझं संक्रांतीचं कार्ड मिळालं. दोन दिवस ते हॉस्टेलच्या खालच्या टेबलावर इतर टपालाबरोबर उघडं पडून होतं, म्हणून उत्तराला उशीर. तिळगुळाचा डबा मात्र माझ्यापर्यंत रिकामाच आला. दाजींचे स्नेही तो घेऊन फाटकातून आत शिरले आणि पोरांच्या तावडीत सापडले. वड्या किती होत्या ते सांगू नकोस, हळहळ वाढेल.

मला नवी खोली मिळाली आहे. माडीवरची, टोकाची, एकट्याची. इंटरचा अभ्यास शांतपणे व्हावा म्हणून मीच मागून घेतली. ती रिकामी का होती ते नंतर कळलं. मागल्या वर्षी परीक्षेच्या आधी याच खोलीतल्या मुलानं जीव दिला. त्याच्याविषयी कोणी बोलत नाही. विषय निघाला की मुलं उठून हात धुवायला जातात.

आता हसणार नसशील तर पुढचं लिहितो. दिवेलागणीला बाकीची मुलं मैदानावर असतात, तेव्हा माझ्या दाराबाहेर कोणीतरी हाक मारतं. बापू. एकदाच, आणि अगदी हळू, दाराला तोंड लावल्यासारखी. इथे मला सगळे चाकणकर म्हणतात. बापू हे नाव घराबाहेर कोणाला ठाऊक नाही.

आईनं लहानपणी शिकवलं तेच मी करतो. ओ देत नाही. तिसरी हाक झाली तर माणूस, मग कडी काढायची. पण दुसरीसुद्धा होत नाही. थोडं थांबून दार उघडतो तर व्हरांडा मोकळा असतो. काल उंबऱ्याशी फरशी ओली होती, पावलाएवढी.

दिवसभर प्रयोगशाळेत भिंगं आणि तराजू हाताळणारा मी, तिन्हीसांजेला कडीवर हात ठेवून श्वास रोखून उभा राहतो. आईला कळवू नकोस, ती चाकणहून थेट भगत घेऊन येईल. आणखी एक, लिहू की नको असं झालंय. हाकेची भीती कमी होत चालली आहे. काल ती यायच्या आधी मी तिची वाट बघत होतो.

दाजींना नमस्कार. लोभ आहे तो असाच उबेला राहू द्यावा.

तुझा,
बापू

॥

श्री

पिंपरी, शुक्रवार, २१ जानेवारी १९५५

चि. बापूस,
ताईचे अनेक आशीर्वाद.

हसले नाही. दाजींना पत्र वाचून दाखवलं तर तेही हसले नाहीत. नव्या औषधाच्या कारखान्यात हा माणूस दिवसभर वाफेच्या नळांशी झुंजतो, पण सांजेची हाक म्हटल्यावर पाय वर घेऊन बसला. म्हणाले, बापूला लिव्ह, तिसरी हाक झाल्याबिगर कडी काढायची न्हाई. ते बोलावतं, आपण ओ दिली की आपला आवाज घेऊन जातं. त्यांच्या चुलत्याचं तसंच झालं म्हणे. चुलता पुढे तीस वर्षं जगला आणि आवाज चांगला खणखणीत होता, असं सासूबाई म्हणाल्या, तेव्हा गप्प बसले.

तरी मीही तेच सांगते. आईचं म्हणणं होतं की त्याला दोन हाकांतच धाप लागते. तेव्हा तीन मोज. सोबत काळा दोरा पाठवते आहे, मनगटाला बांध. शर्टाची बाही खाली ओढलीस की तुझ्या प्रोफेसरांना दिसणार नाही.

पण हाकेची वाट बघतोस हे मला बिलकूल आवडलं नाही. बापू, सरळ विचारते, सरळ लिही. त्या मुलासारखं तुझ्या मनात तर काही येत नाही ना? येत असेल तर खोली, परीक्षा, सगळं टाकून इकडे ये. नापास झालास तर आपल्या शेतातले कांदे आहेतच, ते कोणाला पदवी विचारत नाहीत.

उत्तराची वाट बघायला लावू नये.

तुझी,
सुभद्राताई

॥

श्री

पुणे, शुक्रवार, २८ जानेवारी १९५५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तू विचारलंस, बरं वाटलं. नाही, माझ्या मनात तसं काही नाही. खोलीच्या शांततेनं मन जरा भरकटलं होतं. दोरा बांधला आहे.

हाक येते आहे. परवा हाक झाल्यावर कडी आपोआप जराशी हलली, बाहेरून कोणी दाराला अंग टेकवावं तशी. मी आतल्या बाजूनं टेकून उभा होतो. किती वेळ तसे होतो कोण जाणे. मग ते वजन गेलं.

बाकी इकडे बरं चाललंय. समोरच्या खोलीतल्या मालोजीनं मला त्याचा टेबलावरचा दिवा देऊन टाकला, चांगला पितळी आहे. हा मालोजी बीडकडचा. निजामाच्या राजवटीत उर्दू शाळेत शिकला, म्हणून मुलं त्याला नबाब म्हणतात. गणितात तरबेज, पण फळ्यावर बोलावलं की तोंडातून उर्दू आकडे येतात आणि वर्ग हसतो. मीही एकदोनदा हसलो असेन. मागल्या वर्षी तो दुसरीकडे राहून इंटरला बसला आणि नापास झाला. त्याला कधी पत्रबित्र आलेलं पाहिलं नाही. दिवा कशाला देतोस म्हटलं तर म्हणाला, मला आता लागणार नाही. त्याची कंपासपेटी खालच्या मजल्यावरच्या एका मुलाला मिळाली. नबाबाचं मन मोठं आहे.

अभ्यास बरा आहे. आठवण ठेवावी, म्हणजे उचकी लागून मी जागा राहीन.

तुझा,
बापू

॥

श्री

पिंपरी, मंगळवार, १ फेब्रुवारी १९५५

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद. घाईत लिहिते आहे. चुलीवर दूध आहे, ते उतू गेलं तरी चालेल.

तुझं पत्र वाचता वाचता मी अडखळले. तू हाकेचं एकीकडे लिहिलंस आणि दिव्याचं दुसरीकडे. मला दोन्ही एकच वाटतं.

भुताला तुझं घरचं नाव कसं कळणार? मी ते कार्डावर ठसठशीत लिहिते, आणि तुमचं टपाल टेबलावर उघडं पडतं हे तूच कळवलंस. म्हणजे हाक मारणारा कार्डं वाचतो. ज्याला स्वतःचं पत्र येत नाही तो दुसऱ्याचं वाचतो. शिवाय भूत दार वाजवतं, मागे लागतं. हे तुझं भूत एकदा हाक मारून निमूट परत जातं. असं भूत मी कधी ऐकलेलं नाही, लाजरी माणसं मात्र अशी पाहिली आहेत. आणि परीक्षा तोंडावर आली असताना दिवा देऊन टाकणारा मुलगा कुठे निघाला आहे, हे विचारावंसं तुला वाटलं नाही? हुशार आहेस रे, पण अगदीच बैल आहेस.

तिसऱ्या हाकेचं सांगितलं ते मी मागे घेते. पहिल्या हाकेला ओ दे. दार उघड. आणि मी तुला विचारलं तसंच त्याला तोंडावर विचार. तू विचारल्यानं ते त्याच्या मनात शिरणार नाही, असलं तर बाहेर येईल. मग उपदेश करू नकोस, बस त्याच्याजवळ.

दाजी म्हणतात, थांबून बघावं. मी नाही थांबत. पत्र आजच डाकेत पडेल.

तुझी,
ताई

॥

श्री

पुणे, शुक्रवार, ४ फेब्रुवारी १९५५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तो सुखरूप आहे, हे आधी लिहितो. माझ्या खाटेवर झोपला आहे.

तुझं पत्र काल, गुरुवारी दुपारी मिळालं. मी लगेच समोर गेलो तर खोलीला कुलूप. मग दिवेलागणीची वाट बघत बसलो. हाक आली. नेहमीसारखी, एकदाच. मी ओ म्हणून ओरडलो आणि त्याच क्षणी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. फरशी कोरडी होती.

मालोजीचं दार मात्र आता सताड उघडं. अंथरूण गुंडाळलेलं, टेबल पुसून लख्ख, आणि त्यावर तुझं एक जुनं कार्ड. दिवाळीचं. ते हरवलं असं मी समजत होतो. मी जिन्यावरून धावत सुटलो. मागल्या फाटकाशी चिंचेखाली तो बसला होता, अनवाणी. मला बघून त्याला आश्चर्यही वाटलं नाही.

मी तुझेच शब्द वापरले. मालोजी, जीव द्यायचं मनात आहे का, असं विचारलं. तो हो म्हणाला. मी त्याच्या शेजारी मातीत बसलो. मग तो बोलायला लागला. वडिलांना वाटतं मुलगा मागल्या वर्षीच पास झाला. त्यांनी गावजेवण घातलं. ज्या भाषेत तो हुशार होता ती इथे कोणाला नको, आणि जी इथे लागते तिच्यात तो मुका. संध्याकाळी रडून झालं की नळावर हातपाय, तोंड धुऊन तो माझ्या दाराशी यायचा. मी विचारलं, दुसरी हाक का नाही मारलीस? म्हणाला, एका हाकेलाच सगळा जीव गोळा करावा लागायचा, दुसरीपुरता उरत नव्हता. आतून माझा श्वास त्याला ऐकू यायचा. मी दारामागे आहे आणि उघडत नाही, एवढं त्याला कळायचं. ताई, मी त्याला तिसऱ्या हाकेची रीत सांगितली.

या गोष्टी फुटल्या की कायद्याचं झेंगट मागे लागतं, म्हणून इथे सगळे गप्प बसतात. मागल्या वर्षीही गप्पच बसले होते. मी मालोजीला विचारून आमच्या गणिताच्या सरांना सांगितलं. ते रागावले नाहीत. आज सकाळी त्यांनीच त्याला ओळखीच्या डॉक्टरांकडे नेलं. आता आम्ही चारपाच मुलं रोज दिवेलागणीला माझ्या खोलीत जमणार आहोत. त्याचा दिवा मध्ये ठेवून.

एक राहिलं. मी त्याला म्हटलं, बरं झालं आज हाक मारलीस. तो म्हणाला, आज मी हाक मारली नाही. आज मी वर आलोच नव्हतो, दुपारपासून इथेच बसलोय. दार मी सकाळीच कुलूप लावून बंद केलं होतं.

ताई, किल्ली त्याच्या खिशात होती.

माया पातळ होऊ देऊ नये.

तुझा,
बापू

॥

श्री

पिंपरी, सोमवार, ७ फेब्रुवारी १९५५

चि. मालोजीस,
सुभद्राताईचे अनेक आशीर्वाद.

हे कार्ड तुझ्या नावाचं आहे. आता बापूची वाचायची गरज नाही, त्याला मी स्वेटर आणि पोट याशिवाय काही लिहीतही नाही. तुला वाचायला सोपं जावं म्हणून अक्षर मोठं काढलं आहे.

येथील सर्व ठीक. म्हैस व्यायली, रेडी झाली. तुझे दाजी कारखान्यात बोट भाजून आले आणि घरात असे वागतात की जणू लढाईवरून आले. रविवारी सवड असेल तर ये. पिंपरीत उतरून मारुतराव फिटर म्हणून विचार, घर मागल्या अंगानं गोवऱ्यांच्या रचीजवळ आहे. उत्तर पाठवावं, चुका असल्या तरी चालतील.

तुझी,
सुभद्राताई

॥

श्री

पुणे, बुधवार, १६ फेब्रुवारी १९५५

तीर्थरूप ताईंच्या खिदमतीत,
मालोजीचा साष्टांग नमस्कार.

मराठीत हे माझं पहिलं खत. तीन दिवस लिहितो आहे. बापू बाजूला बसून सुधारतो म्हणाला, मी त्याला हाकलून दिलं.

मी तुमची कार्डं वाचत होतो त्याची माफी असावी. सुरुवातीला अक्षरं जुळवायला वाचली. नंतर एका कार्डावर तुम्ही लिहिलं होतं की भाकरी करताना बापूची आठवण आली आणि एक जास्त थापली गेली. ते मी पुष्कळदा वाचलं. माझी आई मी लहान असताना गेली. कोणाच्या तरी नावाची भाकरी जास्त होते, हे मी विसरलो होतो.

माझी खैरियत लिहितो. काही दिवस बरे जातात. काही दिवस सकाळपासूनच छातीवर पोतं ठेवल्यासारखं होतं. डॉक्टर म्हणतात, तसे दिवस येतील आणि जातील, आल्यावर कोणाला तरी सांगायचं. संध्याकाळी मुलं जमतात. मी त्यांना गणित सांगतो, उर्दू आकडे आले तरी आता कोणी हसत नाही. एकानं तर ते पाठ केले.

त्या गुरुवारची गोष्ट बापूनं लिहिली असेल. खुदा गवाह, ती हाक माझी नव्हती. मला भीती वाटत नाही. पण कोणीतरी माझ्यासाठी हाक मारली, हे मनातून जात नाही.

मेहेरबानी आहे ती कमी होऊ नये.

आपला,
मालोजी

॥

श्री

पुणे, शनिवार, २६ फेब्रुवारी १९५५. अत्यंत तातडीचे, दाजींच्या स्नेह्यांच्या हस्ते.

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मालोजी नाही. सकाळी त्याच्या वडिलांचं पत्र आलं. गावातल्या कोणीतरी त्यांना तो नापास झाल्याचं सांगितलं. पास होऊनच तोंड दाखव, नाहीतर आम्हाला मुलगा नव्हता असं समजू, एवढंच त्यात आहे. पत्र माझ्या दाराखालून आत सरकवून तो गेला. मी तेव्हा वर्गात होतो.

चिंचेखाली, स्टेशनावर, सगळीकडे मुलं पाठवली आहेत. सर पोलिसांकडे गेले. मी खोलीत थांबलो आहे, तो आलाच तर कोणीतरी असावं म्हणून. ताई, आज हाकही येत नाही. मी दार उघडं टाकून बसलो आहे.

बापू

॥

श्री

पिंपरी, रविवार, २७ फेब्रुवारी १९५५

चि. बापूस,
अनेक आशीर्वाद. तार मिळालीच असेल. तो इथे आहे. आता सविस्तर लिहिते.

काल तुझं पत्र हातात पडलं तेव्हा सांज होत आली होती. दाजी अंगरखा चढवून पुण्याला निघायच्या तयारीत होते. मी मागल्या खोलीत कंदिलाची काच पुसत होते. मागल्या दाराबाहेरून हाक आली. ताई. एकदाच, अगदी हळू.

दाजींनी माझं मनगट धरलं. म्हणाले, न्हाई, दुसरी होऊ दे. बाहेर काळोख दाटत होता, खिडकीतून काही दिसत नव्हतं. बापू, मी तुला मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, पण माझीही दातखीळ बसली. तो नसेलच, तो असता तर पुढल्या दारानं आला असता, असं मनात आलं. ते दुसरंच काही असेल आणि त्याची वाईट बातमी द्यायला आलं असेल, असंही आलं. मग मी हात सोडवून घेतला आणि ओ दिली. ओरडूनच दिली म्हण ना. कडी काढली.

दारात कोणी नव्हतं. रचीच्या पलीकडे कोणीतरी पाठमोरं चाललं होतं. माझी ओ ऐकून ते थांबलं, वळलं. मालोजी होता. पुण्याहून मुंबई रस्त्यानं चालत आला होता. त्याला धरून आत आणलं तेव्हा दाजीच आधी रडले.

मी काही विचारलं नाही. पिठलं टाकलं. पहिली भाकरी खाऊन झाल्यावर तोच बोलला. ओ आली नसती तर परतून कुठे गेलो असतो ते मला माहीत आहे ताई, म्हणाला. मी त्याला म्हटलं, पुन्हा असं झालं तर एका हाकेवर थांबू नकोस, दार फोड, दाजी नवं बसवतील. तो थोडासा हसला.

आज तो झोपूनच आहे. दाजींनी रजा घेतली. उद्या त्याला सरांकडे आणि डॉक्टरांकडे नेतील, मग दोघं मिळून बीडला त्याच्या वडिलांकडे जातील. दाजी म्हणतात, बाप हाय म्हणजे काय झालं, आमी बी बोलू. परीक्षा पुढल्या वर्षी देता येते.

आता तुझ्या त्या गुरुवारच्या हाकेचं. मी ती कोणाची म्हणून तर्क लढवत बसणार नाही. पण काल रात्रीपासून एक टोचतंय. तुझी सगळी पत्रं मी पुन्हा वाचली. त्या मुलाला तू मागल्या वर्षीचा मुलगा म्हणतोस, या खोलीतला मुलगा म्हणतोस. त्याचं नाव एकदाही लिहिलं नाहीस. तुम्हा कोणाला ते ठाऊक तरी आहे का? त्यानंही कोणाच्या दाराशी एकदाच हाक मारली असेल. आतले सगळे तिसरीची वाट बघत बसले असतील.

नाव शोधून काढ. मग दिवेलागणीला सगळे मिळून दारात उभे राहा आणि त्याला हाक मारा.

तुझी,
ताई

॥

श्री

पुणे, शुक्रवार, ४ मार्च १९५५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कार्डावरच लिहितो, टेबलावर कोणी वाचलं तर वाचू दे.

त्याचं नाव गेनू. गेनू सावळाराम. आपल्या खेड तालुक्यातलाच, चाकणच्या पलीकडच्या गावचा. नाव सांगायला कोणी तयार होईना. शेवटी पूर्वी माझ्यासमोरच्या खोलीत राहणारा मुलगा सापडला. नाव सांगताना तो भिंतीकडे तोंड करून उभा होता. मालोजी काल बीडहून परत आला. त्याच्या वडिलांनी दाजींशी भांडण केलं आणि निघताना मुलाच्या हातात धपाट्यांचं गाठोडं दिलं.

काल गुरुवार होता. दिवा लावून आम्ही सहाजण दाराशी उभे राहिलो. हाक मीच मारली. गेनू, म्हणून. एकदाच.

ओ आली नाही. बाहेरची फरशी कोरडी होती. पण आम्ही सगळे, कोणी न सांगता, जरा बाजूला सरकलो, दारातून कोणी आत येताना सरकावं तसे. मग मालोजीनं सतरंजीवर आणखी एकाची जागा केली.

दार उघडंच असतं. सवड काढून यावं.

तुझा,
बापू